घास अडतो तिथे

"आधी नाम, मग पाणी. एवढं एक तू सांभाळ, बाकीचं तो सांभाळतो."

आई हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि खेळून आल्यामुळे मला कडकडून तहान लागली होती. तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला नाही की ती रागावलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पेला खाली ठेवला, डोळे मिटले, नाम घेतलं आणि मग प्यायले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठलं की आधी नेम आणि नंतर पाणी, असं जे सुरू झालं ते त्रेपन्न वर्षं चालू आहे. तेव्हा नेम मिनिटभराचा होता. वाढत वाढत सव्वा तासाचा झाला. आधी माळ, मग वाचन, शेवटी जमिनीवर माथा टेकून गप्प राहणं. बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तो चुकला नाही. मुलगाच समजूतदार, माझं आटोपल्यावर आला.

मागच्या वर्षी पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. ते जुळून आलं, पण हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लावून दिली. दर सोमवारी एक. औषधाच्या बाबतीतही मी नेमाचीच, त्यामुळे एकही सोमवार हुकला नाही. हाडांचं असं मार्गी लागतंय तोवर छातीच्या मधोमध दुखायला लागलं. दुखणंही असं, की एरवी काही नाही आणि घास गिळला की कुणी आतून बोट रोवल्यासारखं.

पहिल्यांदा पाव अडला. वाटलं, कोरडा असेल. मग दुधात बुडवून खाल्ला तरी अडला. त्या दिवशी मी ताटावरून उठले ती थेट मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले, कारण मला ताई आठवली होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचाही आधी पावच अडला होता. मग भात. मग सूपसुद्धा. शेवटी शेवटी पाणी. तिनं सात महिने कुणाला कळू दिलं नाही. दुर्बीण आत गेली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर बाहेर आले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी तिच्या नवऱ्याला बसायला सांगितलं. अन्ननलिकेचा कॅन्सर हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र ऐकले.

आता माझा पाव अडत होता. महिनाभरानं भातही अडायला लागला. मनातल्या मनात मी ताईच्या वाटेवरच्या खुणा मोजत होते, आणि तिनं केलं तेच मीही केलं. कुणाला सांगितलं नाही.

लपवायला मला फार कष्ट पडले नाहीत. मी उपास करणारी बाई, हे सगळ्यांना ठाऊक. जेवायच्या वेळी "आज माझा उपास" म्हटलं की प्रश्न मिटायचा.

"आई, आज कसला?" सूनबाई विचारायची.

"आहे गं एक."

"तुमच्या देवाचं कॅलेंडर वेगळंच छापतात वाटतं. आठवड्याला चार-चार?"

मी हसायचे. वाढलेला पाव कुस्करून खिडकीतल्या चिमण्यांना घालायचे. चिमण्या इतक्या गुबगुबीत झाल्या की उडायचा आळस करायला लागल्या. मी मात्र देवासमोर बसले की वर बघू शकत नव्हते. आयुष्यभर त्याच्यासाठी खरे उपास केले, आणि आता त्याचंच नाव पुढे करून खोटे करत होते.

माझी चोरी पकडली ती आमच्या ह्यांनी, आणि तीही मनगटावर.

हे घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले असतात. बायको समोरून गेली तर दिसणार नाही, पण केसाएवढी स्प्रिंग खाली पडली तर ऐकू येईल, असा माणूस. माझं घड्याळ हातात सैल होऊन कोपरापर्यंत सरकायला लागलं म्हणून मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पट्ट्यातली एक कडी काढली आणि ती डबीत टाकायच्या ऐवजी काचेवर ठेवली. मग खणात हात घालून दुसरी एक कडी काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुझ्याच पट्ट्यातली. दोन महिन्यांपूर्वी काढलेली."

"पट्टा वाढला असेल."

"स्टीलचा पट्टा वाढत नसतो." त्यांनी भिंग वर केलं. "सूनबाई, जरा इकडे ये. हिला विचार, ही खाते काय?"

"उपास खातात त्या, बाबा," सूनबाई आतून ओरडली.

हे हसले नाहीत. काचेवरच्या दोन कड्यांकडे बघत राहिले. सूनबाई हात पुसत आली, तिनं कड्या बघितल्या, माझं मनगट बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"घास अडतो," मी म्हणाले. एवढे दोनच शब्द. तीन महिने ते माझ्याकडून निघत नव्हते.

"ताईमावशींसारखा?" असं तिच्या तोंडून गेलं आणि तिनं लगेच जीभ चावली. पण बरंच झालं. ताईचं नाव कुणीतरी उच्चारायला हवं होतं.

मग सूनबाईनं पदर खोचावा तसा फोन हातात घेतला. चौथ्या दिवशीची वेळ मिळाली. पोटाच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या एंडोस्कोपी करणार होत्या. पलीकडून सिस्टर सूचना देत होती: सहा तास आधी खाणं बंद, शेवटचे दोन तास पाणीही बंद.

"ते त्यांना शिकवायला नको," सूनबाई फोनवर म्हणाली. "आमच्या आईंचा जन्म त्यातच गेलाय."

त्या विभागाच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती. सोमवारच होता, पण गोळी घेतली नव्हती, कारण काहीच घ्यायचं नाही म्हणाले होते. माझ्या डावीकडे हे, उजवीकडे सूनबाई, तिच्या पलीकडे एक धिप्पाड बाई. चाळिशीची असेल. अंगात बस चालवणाऱ्यांचा गणवेश, मांडीवर चाव्यांचा जुडगा. मी माळ ओढत होते.

"मावशी," ती सूनबाईला ओलांडून मला म्हणाली, "देवाचं नाव घेताय की डॉक्टरणीचं?"

"दोघांचं. आज दोघांची गरज आहे."

"मग माझंही एक मारून टाका त्यात. तुमची वरून आहे ना दुर्बीण? मजा आहे तुमची. माझी खालून." ती एवढ्या मोठ्यानं हसली की समोरच्या आजोबांनी मासिक तोंडापुढे धरलं. पण चाव्यांचा जुडगा तिच्या हातात एकसारखा वाजत होता.

मला आत बोलावलं. ह्यांनी माझं घड्याळ काढून घेतलं, सूनबाईनं माळ घेतली.

खोली लहान आणि गार होती. मधे पलंग, डोक्याशी पडदा, आणि भिंतीला टांगलेली ती काळी, लांब नळी. सापासारखी दिसेल असं मनात धरलं होतं. प्रत्यक्षात ती बागेतल्या नळीहून बारीक होती. सिस्टरनं घशात फवारा मारला.

"कडू आहे. आता घसा परक्याचा वाटेल, घाबरू नका."

खरंच वाटला. मला डाव्या कुशीवर वळवलं, दातांत एक प्लॅस्टिकची कडी धरायला दिली, हातात सुई टोचली. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्याच वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला.

"काकू, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. बाकीचं काम माझं."

तोंडात कडी, माळ बाहेर. मी बोटांच्या पेरांवर नाम मोजायला लागले. नळी जिभेवरून आत गेली, एकदा ओकारी आली, मग गेली. डोळे जड झाले होते, तरी पडद्याचा एक कोपरा मला दिसत होता. गुलाबी, ओला, चकचकीत बोगदा. आपल्या आत इतकं स्वच्छ काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सहाव्या पेरावर होते. बोगदा पुढे सरकत होता, आणि एकदम पडद्यावर पांढरं काहीतरी आलं. चित्र थांबलं.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या एका "हं"मध्ये मी ताईचे सात महिने पुन्हा जगले. पुढचं पेर कुठलं ते आठवेना.

नळी खाली पोटात जाऊन आली. परत येताना त्याच जागी थांबली. "चिमटा द्या," असं ऐकू आलं. आत काहीतरी खुडल्यासारखं झालं, पण दुखलं मात्र नाही. मग मला गुंगीनं घेरलं.

जाग आली तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होते, पडद्याआडच्या पलंगावर. हे उशाशी, सूनबाई पायाशी. डॉक्टरीणबाई आल्या, आणि मी आधी एकच बघितलं, त्या ह्यांना बसायला सांगतात का. नाही सांगितलं. त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि त्याच बसल्या.

"काकू, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

सूनबाईनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि हाडांच्या गोळीवर बोट ठेवलं.

"ही कशी घेता?"

"दर सोमवारी," मी म्हणाले. घसा अजून परक्याचाच होता.

"कधी ते नाही विचारलं. कशी? सकाळी उठता तिथपासून सांगा. काही गाळू नका."

"उठते. चूळ भरते. गोळी घेते."

"किती पाण्याबरोबर?"

मी चादरीची कड सरळ करायला लागले.

"काकू?"

"पाणी नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"नेम झाल्यावर. सव्वा तासानं."

"अगं!" हे उठूनच उभे राहिले. "एवढी दांडगी गोळी तू कोरडी गिळतेस?"

"मग काय करू?" मला रडूच फुटलं. "औषधवाला म्हणाला, उठल्याउठल्या घ्यायची, पोटात दुसरं काही जायच्या आत. आणि आईनं सांगितलं होतं, आधी नाम, मग पाणी. मी दोघांचंही ऐकलं."

सूनबाईनं तोंडाला ओढणी लावली. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, बहुधा तिलाही कळत नसावं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आणि गोळी घेतल्यावर नेमाला बसता. ताठ?"

"माळ आणि वाचन ताठ बसून. शेवटी माथा टेकते. पंधरा-वीस मिनिटं."

"म्हणजे डोकं खाली, छाती आडवी." त्यांनी खिशातून कागद काढला आणि एक नळी काढली. तिच्या मधोमध, समोरासमोर, दोन ठिपके. "ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. औषधवाल्यानं हेही सांगितलं असणार."

"सांगितलं असेल," मी म्हणाले. "मी उठल्याउठल्यापाशीच थांबले असेन."

"पाण्याशिवाय ती इथे चिकटते. वाकलं की खाली जायची राहिलीच. ओली होऊन तिथेच विरघळते आणि अन्ननलिकेचं अस्तर भाजतं. दर सोमवारी, त्याच जागी. मला दिसले ते दोन व्रण आहेत, त्यांच्या कडा स्वच्छ आहेत, भोवतीचा भाग निरोगी आहे. ते ह्या गोळीचेच असावेत असं मला वाटतं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण नुसत्या वाटण्यावर मी जात नाही. आतले बारीक तुकडे तपासायला पाठवलेत. बुधवारी फोन करते."

"आणि तोवर?" ह्यांनी विचारलं.

"तोवर ही गोळी बंद. बुधवारनंतरही बंदच. हाडांसाठी इंजेक्शन असतं, ते त्यांचे डॉक्टर बघतील. आतली आग कमी व्हायला मी दुसरं औषध देते. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का ते बघू."

मला विचारायचं होतं ते घशाशी आलं होतं. "नेम मोडायचा का?"

"नेमानं तुम्हाला काही केलेलं नाही, काकू. गोळ्या नेमानंतर घ्या. बसून, पाण्याबरोबर. पोट तर तेव्हाही रिकामंच असतं."

इतकं सोपं होतं. त्रेपन्न वर्षं देवाशी बोलणाऱ्या बाईला एकदा औषधवाल्याशी बोलता आलं नाही.

त्या गेल्यावर मी कपडे बदलायला गेले. पलीकडच्या आडोशातून सिस्टरचा आवाज येत होता.

"परत जेवून आलात? आणि ते पोट साफ करायचं औषध?"

"थोडं घेतलं."

"थोड्यानं कॅमेऱ्याला काय दिसणार आहे? डॉक्टर आज करणार नाहीत. शुक्रवारी या, आणि ह्या वेळी नीट तयारी करून."

सिस्टर निघून गेली. मी बाहेर आले तर बाकावर ती बसवाली बसलेली, चाव्या मुठीत घट्ट धरून. आता ती हसत नव्हती.

"काय खाल्लंस?" मी शेजारी बसले.

"भात. पोटभर." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मुद्दाम खाल्ला, मावशी. मागच्या वेळीपण. जेवून आलं की परत पाठवतात, हे मला माहीत झालंय."

"त्रास काय होतो तुला?"

"रक्त जातं. चार महिने झाले." मग पटकन म्हणाली, "तसं काही नसेल. बसून बसून काम आमचं. सगळ्या ड्रायव्हरांना होतं."

"घरी कोण असतं?"

"मी आणि रेडिओ."

तिला ताईबद्दल सांगायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. पण सांगितलं. पाव, भात, सूप, पाणी, सात महिने, सगळं. माझ्या खोट्या उपासांचंही सांगितलं, जे मी देवाशिवाय कुणापुढे कबूल केलं नव्हतं. ती ऐकत राहिली.

"तुमचं काय निघालं?" तिनं विचारलं.

"बुधवारी कळेल."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण भीती वाटते म्हणून मी तीन महिने चिमण्या पोसल्या, आणखी काय केलं?" मग मी तिला विचारलं, "ते औषध कधी प्यायचं असतं?"

"आदल्या दिवशी चार वाजता सुरू. पेल्यावर पेला. समुद्र प्यायल्यासारखं लागतं."

"गुरुवारी चार वाजता मी तुझ्याकडे येते. तू औषधाचा एक पेला पी, मी पाण्याचा एक पिते. बघू कोण आधी हरतं. आणि शुक्रवारी इथे येते."

"मावशी, अहो, तुमचंच अजून कळायचंय."

"बुधवारी काहीही कळो, गुरुवारी मी येते."

तिनं मुठीतल्या चाव्या बाकावर ठेवल्या. मग बसच्या तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून दिला. डेपोच्या मागची इमारत, तिसरा मजला.

बुधवारी फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. सूनबाईनं फोन उचलून माझ्या कानाला लावला आणि तिनंही कान चिकटवला.

"काकू, अहवाल आलाय. नुसता व्रण आहे. सूज आहे, भाजल्याच्या खुणा आहेत. वाईट काही नाही. कॅन्सर नाही. ऐकू आलं ना?"

"पुन्हा एकदा सांगा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं, न चिडता.

सूनबाई मटकन स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली. मी दुकानाच्या दारात गेले आणि ह्यांना नुसती मान हलवून दाखवली. हे गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुमचं घड्याळ उद्या घ्या." त्याचं घड्याळ हातात धरून, भिंग डोळ्यावर तसंच ठेवून, पाठमोरे उभे राहिले. भिंगाखालून गालावर काय ओघळलं ते त्या गिऱ्हाइकालाही दिसलं असणार, कारण तो लगेच निघून गेला.

"आई," सूनबाई फरशीवरूनच म्हणाली, "एक नियम. ह्यापुढे खोटे उपास बंद. खरे चालतील, पण मला आधी सांगून."

"कॅलेंडर दाखवून," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या दुपारी मऊ भात खाल्ला. घास अजून अडतच होता. छातीत त्याच जागी आग झाली. पण मी थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि तो खाली जाऊ दिला. दुखणं तेच होतं, फक्त आता ते ताईचं राहिलं नव्हतं. माझं होतं, बरं होणारं. संध्याकाळी देवासमोर बसले. खोट्या उपासांची माफी मागितली आणि कितीतरी दिवसांनी वर बघितलं.

गुरुवारी सकाळपासून घरात उत्साह होता. मुलगा संध्याकाळी लवकर येणार होता, हे दुकान बंद करून सगळ्यांना बाहेर न्यायचं म्हणत होते. कुठे जायचं ह्यावर सूनबाईशी त्यांचा वाद चालू होता.

"आईंना मऊच पाहिजे काहीतरी."

"मग तलावावर नेऊ. हवा मऊच असते."

साडेतीन वाजले. मी पिशवी घेतली. कागदी नळ्यांचं एक पाकीट सकाळीच आणून ठेवलं होतं, कारण सिस्टर म्हणाली होती की ते औषध गार करून नळीनं ओढलं तर चव कमी कळते. ते पाकीट पिशवीत टाकलं. पत्त्याचा कागद मुठीत धरला.

"तुम्ही जाऊन या," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नका."

वाद इतका रंगला होता की कुणी ऐकलं नाही. मी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि डेपोच्या दिशेनं चालायला लागले.